चुलवाणापुढचा म्हादू

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — कोण जाणे.

पंचाहत्तर सालच्या सुमाराला कृष्णाकाठच्या एका गुऱ्हाळावर मी गुळव्या होतो. काहिलीतला रस पिकला की नाही, जाळ कधी थांबवायचा, हे ठरवायचं काम माझं. त्यात मालकसुद्धा तोंड घालत नसे — आणि गुळव्यानं ‘बास’ म्हटल्याशिवाय चुलवाणात चिपाडं घालणारा जागचा हलत नसे. तशी रीतच होती.

तो चिपाडं घालणारा म्हणजे म्हादू, आमच्याच गावचा. माझ्या बहिणीचं ठरलेलं लग्न यानंच मोडलं होतं. तिला फेफरं येतं, असं सोयऱ्यांच्या कानात सांगून आला. धादांत खोटं! का? तर ते स्थळ त्याच्या भाचीला हवं होतं. माझी बहीण शेवटी दोन पोरांच्या बिजवराला गेली. मी तेव्हा गप्प बसलो — पण विसरलो? छे.

चैत्र संपत आला होता. वर पत्रा, समोर आग, भर दुपार. म्हादूचं तोंड लालभडक झालं होतं आणि घाम येईनासा झाला होता. मला दिसत होतं. त्यानं चुलवाणापुढच्या खड्ड्यातून मान वर केली.

“लय गरगरतंय रं गड्या. थांबवू का जाळ?”

मी रसाचा थेंब गार पाण्यात टाकून पाहिला. गोळी झाली — नेमकी, घट्ट. काहील उतरवायला तयार होती.

“न्हाई अजून,” मी म्हणालो. “घाल चिपाडं.”

का म्हणालो? बरं वाटत होतं म्हणून. त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. मग तो कोसळला. हातपाय झाडायला लागला, तोंडाला फेस — फेफरं आल्यासारखा. आणि माझ्या मनात काय आलं? जा, आता सांग सोयऱ्यांना.

त्याला मिरजेला नेलं. जीव वाचला, पण डोक्यानं गेला तो गेलाच. रस जास्त शिजून गूळ काळा पडला होता. ऊस खारवट रानातला, असं मी मालकाला सांगितलं. त्यानं मान डोलावली.

पुढं कितीतरी वर्षं म्हादू देवळाच्या पायरीवर बसलेला असायचा. एकदा मी त्याच्याजवळ बसलो, बहिणीचं नाव घेतलं. तो नुसता हसला. त्याला काही आठवत नव्हतं — ना ती, ना त्याची चहाडी, ना माझं ‘न्हाई अजून’. मला वाईट वाटायला हवं होतं ना? राग आला. हा एवढ्यावर सुटला कसा?

तो राग अजून आहे. आणि गोळी त्या दुपारी पहिल्याच थेंबाला झाली होती.