ज्वारीच्या पानातलं आतलं कडं

ज्वारीच्या पानात शिरेभोवती पेशींचं एक दाट कडं असतं. बाहेरच्या मऊ पेशींतलं पेप-सी नावाचं एन्झाइम हवेतला कार्बन धरून आत पाठवतं आणि आतल्या कड्यात रुबिस्को त्याची साखर करायला घेतं. कानडी मुलखात, हेब्बाळच्या आमच्या लॅबमध्ये या दोन्ही पेशींचा रस वेगवेगळा काढायचं काम माझं होतं. माझं म्हणजे माझंच. मग त्याच कामावर पुण्याहून एक नवी पोरगी आली.

आल्या आल्या मला कानडीत 'अक्का' म्हणायला लागली. मी निपाणीकडची, घरात मराठी बोलणारी. ताई म्हणताना काय जीभ झडत होती हिची? पण सगळ्या मजल्याला ती अण्णा-अक्का करायची आणि मजला तिच्यावर खूश. शिपाईअण्णांनी मला कधी पाणी विचारलं नाही, तिला मात्र रोज "स्वल्प कॉफी?" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

जर्मनीतल्या एका लॅबमध्ये सहा महिने जायला एकच जागा होती आणि ती माझी, असं मी धरून चालले होते. अडचण एवढीच होती की माझ्या आतल्या रसात दरवेळी थोडं पेप-सी निघायचं, म्हणजे बाहेरचा रस मिसळलेला. मी पान बर्फावरच्या खलात घालून कुटायची. आमच्याकडे भाकऱ्या थापतात, हात जडच. आतलं कडंसुद्धा फुटत असणार. हिनं काय करावं? गार काचेची कांडी घेतली आणि पानावर पोळी लाटावी तशी हलकेच फिरवली. बाहेरच्या पेशींचा हिरवा रस निथळून आला, कडं जागच्या जागी. मग उरलेलं पान धुतलं आणि तेवढंच कुटलं.

"आतल्या रसात पेप-सी जवळजवळ नाहीच," तिनं मीटिंगमध्ये सांगितलं. लॅबच्या सरांचे डोळे चमकले. माझ्या पोटात असं दुखलं म्हणता! आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

"तू एकदा करून बघ," सर मला म्हणाले. "तुझ्या हातनं आलं, तर मी मानतो." म्हणजे कुणाची म्हैस आणि कुणाला ऊठबस! पण मी मनातून खूश झाले. पेप-सी मोजायच्या मशीनच्या स्क्रीनवर रेघ खाली उतरली, की पेप-सी आहे, म्हणजे ती पोरगी चुकली आणि जर्मनी माझी. रेघ सपाट राहिली, की पोरगी बरोबर.

मी उन्हातली ताजी पानं आणली. कांडी बर्फात ठेवली. मुद्दाम जोर लावला असता तर कुणाला कळलं असतं? पण हात तसा चालेना. तिच्याहून हळू लाटलं, तिच्याहून जास्त वेळा धुतलं. स्क्रीनसमोर बसून मी चक्क रेघेला म्हणत होते, उतर गं बाई, उतर. रेघ सपाट. दुसऱ्या पानाची सपाट. तिसऱ्याची तिच्यापेक्षाही सपाट. त्याच रसात रुबिस्को मात्र भरपूर, म्हणजे रस मेलेला होता असंही म्हणायची सोय नाही.

"सर, ती बरोबर आहे," मी सांगितलं.

सर हसले. "मग तीच जाऊ दे. तिला तिकडे शिकू दे. तू गेलीस तर इथं मी कुणाच्या आकड्यांवर विश्वास ठेवू?"

हे कळल्यावर बाहेर येऊन तिनं मला घट्ट मिठी मारली. "अक्का, तुझ्यामुळे चाललेय मी!"

"सरी," म्हटलं मी, कानडीत 'बरं' म्हणतात तसं. तिचा राग तर आलाच, सरांचाही आला. पण सगळ्यात जास्त राग माझ्याच हातांचा आला. मेले नेमके त्याच दिवशी इतके हलके झाले!