जिन्याच्या वळणावरचे गुण

“कपाट कुणी मिळून केलंय, ते कपाटाकडे बघून मला कळत नाही; हलवायला सांगितलं की कळतं,” असं रंधा मास्तर एकदा म्हणाले होते.

आमच्या तंत्रशाळेत ते सुतारकाम शिकवायचे, शेजारच्या खोलीत मी ड्रॉइंग. नाव मुलांनी ठेवलेलं. कुणी जरा डोकं वर काढलं की मास्तर त्याला तासून सपाट करायचे. घरी मात्र उलटा कारभार. त्यांची बायको मला म्हणायची, “भावोजी, मिळून काम करण्याचे गुण देतात हे सगळ्यांना. माझ्यासोबत चादरीची घडी घालताना बघा एकदा. मी उजवीकडे गेले की हे डावीकडे.”

“तिथं मी परीक्षक नाही, विद्यार्थी आहे,” मास्तर म्हणायचे.

“आणि दर रविवारी नापास.”

शेवटच्या वर्षाला चार-चार जणांनी मिळून एक वस्तू करायची. निम्मे गुण वस्तूला, निम्मे एकत्र कामाला. हे दुसरे निम्मे म्हणजे डोकेदुखी. बाकीचे शिक्षक चौघांना सारखेच देऊन मोकळे व्हायचे. मास्तर ती वस्तू वरच्या कार्यशाळेतून खालच्या हॉलमध्ये आणायला लावायचे आणि स्वतः जिन्याखाली हात मागे बांधून उभे राहायचे.

त्या वर्षी एका गटात तीन मुलं आणि एक मुलगी. इतकी अबोल की मुलं तिला घुमी म्हणायची. परीक्षेच्या सकाळी तिघं मास्तरांपुढे येऊन उभे राहिले.

“सर, घुमीला आमच्याइतके गुण नकोत.”

“का रे?”

“करवत आम्ही चालवली, पॉलिश आम्ही केलं. ती स्टुलावर बसून असायची.”

“नुसती?”

“मधूनच बोलायची. हे नको, ते उलटं लावा. बस्स.”

“बरं. मग तुम्ही तिघंच आणा कपाट. ती वर उभी राहील.”

मुलं खोटं बोलत नव्हती, म्हणूनच मला धास्ती वाटली. हे गुण गेले तर घुमीचं वर्ष जाणार होतं. आणि वर्ष गेलं तर शाळा बंद, असं तिच्या वडिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

आमच्या जिन्याच्या वळणावर भर दुपारीही थोडी रात्र साठलेली असते. तिथं कपाट अडकलं. दोघं खाली, एक वर.

“तुझ्याकडे घे.”

“माझ्याकडे भिंत आहे.”

“मग भिंतीकडे घे.”

“अरे बाबा, माझं बोट.”

कपाट जागचं हलेना. मास्तरही हलले नाहीत. मग सकाळी सगळ्यात जास्त बोललेला धिप्पाड मुलगा, मान न वळवताच, ओरडला, “घुमे, आता कुठं?”

“थांबा. दम घ्या,” वरून शांत आवाज आला. “इथंच उभं करा. वरच्या, तू सोड.”

“सोडू?”

“सोड म्हणते ना. आता कपाटाची पाठ भिंतीला लावा. फिरवा हळू. आता पुन्हा आडवं.”

कुणी वाद घातला नाही. झोपेतल्या म्हाताऱ्यानं कूस बदलावी तसं कपाट वळलं आणि निमूट खाली आलं.

हॉलमध्ये ते टेकवून धिप्पाड मुलगा हसत घाम पुसू लागला, आणि पुसता पुसता त्याचं हसू विरलं. आपण कुणाला हाक मारली, ते आत्ता त्याच्या डोक्यात शिरलं होतं. त्यानं बाकीच्या दोघांकडे पाहिलं. ते बुटांकडे बघत होते.

“सर, सकाळी आम्ही बोललो ना... ते राहू द्या.”

“काय राहू द्या?” मागून आलेल्या घुमीनं विचारलं.

“काही नाही गं. तुझं आपलं काहीतरीच,” बोट चेपलेला म्हणाला, आणि दुसऱ्याला हसू आवरेना.

मास्तरांनी कपाटाचं दार एकदा उघडून मिटलं. कानामागची पेन्सिल काढली, चौघांपुढे एकच आकडा लिहिला, आणि तो चांगला घसघशीत होता. पेन्सिल पुन्हा कानामागे गेली. दुसऱ्या दिवशी रविवार होता, चादरीच्या घडीचा. मास्तर घराकडे निघाले.