हत्तीचा राहिलेला डोळा

हसणार नसाल तर सांगते. पण हसालच तुम्ही, मला माहीत आहे. म्हणून चहा तेवढा आधी संपवा, नाहीतर नाकातून येईल. मी सांगते आहे आणि माझी नात सई लिहून घेते आहे. तिला सगळं ठाऊक आहे, म्हणून ती आत्ताच तोंडावर हात धरून बसली आहे.

चूक म्हणजे आमटीत मीठ जास्त पडलं, असली नव्हे हो! माझी चूक चांगली दहा फूट लांब आहे. अजून भिंतीवर आहे. आल्यागेल्याला दाखवतात!

आम्ही कसबा पेठेतले. घरचा धंदा गणपतीच्या मूर्तींचा. सासरे मूर्ती करायचे, आमचे हे रंग द्यायचे आणि डोळे आखायची मी. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. आकडे ओळखते, बसचा नंबर कळतो. अक्षरं मात्र मला सगळी सारखीच, मुंग्यांची रांग. पण डोळा? डोळा मी असा आखते, की मूर्ती न्यायला आलेला माणूस पिशवी खाली ठेवून आधी हात जोडतो.

या डोळ्यांचा आमच्या घरचा नेम कडक. सगळा रंग झाला की शेवटी डोळे. पहिल्या डोळ्याला कुंचला लागला, की दुसरा पुरा होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. घराला आग लागली तरी नाही. सासरे म्हणायचे, "सूनबाई, अर्ध्या डोळ्यात बोललात, तर देव जन्मभर तुमचंच ऐकत बसेल. भक्तांचं कोण ऐकणार?" चाळीस वर्षं पाळला मी हा नेम. लक्षात ठेवा हं, पुढे लागणार आहे.

तर आमचा श्रीकांत कॉम्प्युटरमध्ये लागला. हिंजवडीला कंपनी. सकाळी बस न्यायची आणि संध्याकाळी पिळून काढलेलं फडकं आणून टाकायची. त्याने कर्वेनगरला नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला. चौथा मजला. मला दाखवायला नेलं.

"आई, कसं वाटलं?"

"छान आहे. दवाखाना कधी सुरू करतोस?"

खोटं नाही सांगत, इकडून तिकडून सगळं पांढरं. बरं, पांढरं तरी धड? सून मनीषा म्हणाली, "आई, हा ऑफ-व्हाइट आहे." म्हणजे धुवायचा राहिलेला पांढरा.

मनीषा मनाने चांगली, पण घराच्या बाबतीत मासिकं बघून बघून पक्की झालेली. "क्लीन लुक ठेवायचाय आई. भिंतीवर एक खिळासुद्धा नको."

"आणि माझी पेटी?" मी विचारलं. पेटी म्हणजे माझ्या कुंचल्यांची. पत्र्याची, लग्नानंतर सासऱ्यांनी दिलेली.

"माळ्यावर ठेवू ना. छान प्लास्टिकमध्ये गुंडाळून."

आज पेटी माळ्यावर, उद्या म्हातारी. दोघींनाही छान प्लास्टिकमध्ये गुंडाळतील!

मी म्हटलं, "मनीषा, हॉलमधली एक भिंत मला दे. वास्तुशांतीच्या दिवशी पाहुण्यांसमोर ती शोभली नाही, तर वर तुझा ऑफ-व्हाइट मार. पेटी मी माझ्या हाताने माळ्यावर टाकते."

"कबूल. पण मग मागाहून डोळ्यांतून पाणी काढायचं नाही."

"नाही काढणार. आणि तोवर कोणी डोकवायचं नाही."

"नाही डोकवणार."

झालं. दुसऱ्या दिवशी मी पेटी घेऊन रिक्षाने निघाले. पूजेला चार दिवस होते. इमारतीची लिफ्ट अजून सुरू नव्हती, दारांवर नंबर लागायचे होते. मी जिने मोजत चढले. आता तुम्हीच न्याय करा. खाली सगळं पार्किंग. तिथे राहतात गाड्या. गाड्यांच्या राहण्याला मजला कोण म्हणतं हो? माणसं जिथून राहायला लागतात तो तळमजला, त्याच्यावर पहिला, मग दुसरा. आमच्या पेठेत असंच मोजतात. तशी मी चौथ्यावर पोचले. उजवीकडचं दार. कमरेला किल्ली होती, पण दार उघडंच होतं. म्हटलं, बरं झालं.

आत तोच हॉल, तीच फरशी, तीच खिडकी. खिडकीतलं नारळाचं झाड तेवढं आदल्या दिवसापेक्षा बुटकं वाटलं. म्हटलं, उन्हाने मान टाकली असेल.

आत एक रंगारी काम करत होता. रामप्रसाद, कानपूरकडचा.

"माताजी, किधर?"

"किधर म्हणजे? मेरे लडके का घर है!"

"अच्छा, साहब की माताजी!" बिचारा शिडीवरून उतरून पाया पडला. साहेबाची आई गावाहून येणार आहे, असं त्याला कोणीतरी सांगून ठेवलेलंच होतं. ते साहेब दुसरे, हे मला कसं कळणार?

मी घरभर फिरले. स्वयंपाकघरात गेले आणि टाळकंच सणकलं. ओट्याचा दगड काळा! मनीषाने हिरवा सांगितला होता, मी कानांनी ऐकलेलं. बिल्डरने फसवलं पोरीला! मी तडक खाली गेले आणि साइटवरच्या सुपरवायझरला वर घेऊन आले.

"हा काळा कसा काय बसवलात?"

"आजी, यादीत काळाच आहे. ही बघा यादी."

"यादी मला दाखवू नका, मला वाचता येत नाही. पण दगड दिसतो! पूजेच्या आत हिरवा बसला पाहिजे."

माझा आवाज तुम्ही ऐकलेला नाही. गणपतीच्या दिवसांत गर्दीच्या पार पलीकडे जायचा. दुसऱ्या दिवशी दोन माणसं आली आणि काळा दगड उचकटून घेऊन गेली. मी मनात म्हटलं, बघ मनीषा, म्हातारी कशी उपयोगाला येते ते.

मग भिंत. रामप्रसाद म्हणाला, "माताजी, साहब ने सफेद बोला है."

"साहेबाला जन्म मी दिला, भिंतीला रंगही मीच देणार. पिवळा काढ. हळदीसारखा."

आणि त्या पिवळ्यावर मी सात हत्ती सोडले! सहा बाजूने दिसणारे, एकामागे एक, पाठीवर झुली, झुलींवर वेलबुट्टी. सगळ्यांत पुढचा सातवा मात्र थेट आपल्याकडे तोंड करून. जणू आत्ता भिंतीतून बाहेर येईल आणि पाणी मागेल. रामप्रसादने स्वतःचं काम सोडलं आणि डबे धरून उभा राहायला लागला.

तिसऱ्या दिवशी डोळे. घरून आंघोळ करून गेले. सहा हत्तींचे झाले. सातव्याचा डावा डोळा झाला. उजव्याकडे हात नेला, एवढ्यात दारातून आवाज आला.

"अवं बाई, कोन तुमी? माह्या पोराच्या घरात काय करून रायल्या?"

वळून पाहिलं, तर माझ्याच वयाची बाई. दोन्ही हातांत पिशव्या, बोली वऱ्हाडाकडची. मी अर्ध्या डोळ्यात! बोलता येईना. डावा हात वर करून म्हटलं, म्हणजे हातानेच म्हटलं, थांबा.

"मुकी हाय का हे?" तिने रामप्रसादला विचारलं.

"माताजी हैं. साहब की माँ."

"साहेबाची माय मी हावो!"

रामप्रसाद एकदा तिच्याकडे बघतो, एकदा माझ्याकडे. मी दाराकडे बोट केलं, बाहेर जा. तिला वाटलं, मी स्वयंपाकघर दाखवते आहे. ती आत गेली. आणि आतून किंकाळी!

"अगं माय! ओटा कुठी गेला?"

तरातरा बाहेर आली आणि माझं कोपर धरलं. कुंचला हलला. तिथे माझा चाळीस वर्षांचा नेम मोडला बघा.

"हात सोडा! घर माझ्या मुलाचं आहे!"

"तुमच्या पोराचं? मंग माह्यं पोरगं का झाडावर रायते?"

"कुठे राहतं ते त्यालाच विचारा! मी तीन दिवस इथे घाम गाळते आहे!"

"अन् हे हत्ती! सारेच्या सारे माह्याकडेच पाहून रायले!"

"पाहणारच. डोळे आखलेत, बटणं नाही लावली!"

आमचा आवाज किती गेला असेल म्हणता? जिन्यात पावलं वाजली आणि दारात कोण? मनीषा! हातात पडद्यांची मापं घ्यायची टेप.

"आई? तुम्ही वर काय करताय?"

"वर म्हणजे?"

"अहो, आपलं घर खाली आहे! हा पाचवा मजला!"

मी नारळाच्या झाडाकडे बघितलं. ते बुटकं नव्हतंच. मीच उंचावर होते.

तरी जिरली का माझी? छे! "आणि तू इथे कशी?" मी म्हटलं. "डोकवायचं नाही असं ठरलं होतं ना?"

मनीषाचा चेहरा पडला. "तुम्ही घरी परतलात की रोज डोकावत होते, आई. रोज भिंत कोरीच. वाटलं, तुम्हाला आता जमत नसेल, येऊन नुसत्या बसत असाल. म्हणून तुम्हाला काही बोलले नाही. रंगाऱ्याला ऑफ-व्हाइट सांगून टाकला."

हे मात्र लागलं हो. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मी रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसले. रामप्रसाद म्हणाला, "मैं जरा चाय लेके आता हूँ." गेला तो दुसऱ्या दिवशीच उगवला.

त्या बाईंनी मोबाइल काढून मुलाला फोन लावला. "निखिल, लवकर ये बापा! घरात हत्ती शिरले!" पलीकडून बराच वेळ नुसतं "हॅलो? हॅलो?" ऐकू येत होतं.

निखिलही हिंजवडीतलाच. ट्रॅफिकमधून यायला त्याला दोन तास लागले. तोवर आम्ही दोघी आया दोन भिंतींना टेकून एकमेकींकडे न बघता बसलो होतो. मनीषाने खालून आणलेलं पाणी दोघींनीही नको म्हटलं. निखिल आला, उंच, चष्मेवाला, आणि भिंतीसमोर उभाच राहिला.

"पाहून का रायला?" त्याची आई म्हणाली. "उद्या पांढरा मारून घे."

मी उठले. म्हटलं, "मारा. चूक माझी आहे. ओटाही माझ्यामुळेच गेला, आमच्या मनीषाचा हिरवा म्हणून मी तो बदलायला लावला. पण पुढच्या हत्तीचा एक डोळा राहिलाय. अर्ध्यात टाकून आजवर मी कुठून उठलेली नाही. तेवढा आखू द्या, मग खुशाल मारा."

बाईंनी हत्तीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. म्हणाल्या, "आखा."

मी कुंचला उचलला. निखिल काहीतरी विचारायला गेला, तर त्याची आईच खेकसली, "चूप! बाई डोळा आखून रायली!"

मी बुबुळ भरलं, वर पांढरा ठिपका दिला आणि बाजूला झाले.

बाई पुढे आल्या. डावीकडे सरकल्या, हत्ती बघतोय. उजवीकडे सरकल्या, हत्ती बघतोय. त्यांनी डोक्यावर पदर घेतला.

"मग उद्या पांढरा ना, आई?" निखिलने विचारलं.

"पागल झाला का? उघड्या डोळ्यावर रंग मारते का कोनी? पाप लागन!" आणि मनीषाला म्हणाल्या, "अन् तो हिरवा ओटा कसा हाय म्हने? दाखव तं जरा."

हिरवा त्यांनाही आवडला! सुपरवायझरने कपाळाला हात लावला, पण बसवून दिला.

पूजेच्या दिवशी आमचे पाहुणे आमच्या कोऱ्या भिंतीखाली प्रसाद खात होते आणि हत्ती बघायला वर जात होते. जिन्यात उभं राहून पाठवत कोण होतं? मनीषा! "आमच्या आईंचं काम आहे, वर जाऊन बघून या." दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझी पेटी आणून भिंतीखाली ठेवली. "आई, आता आपली. ओट्याला तेवढा हात लावू नका."

गोष्ट इथेच संपली असती, तर मी शहाणी ठरले असते.

पण पायांची सवय कुठली जायला? लिफ्टवर माझा विश्वास नाही, जिने मोजते आणि गाड्यांचा मजला अजूनही सोडते. दारावरच्या नंबराकडे बघतं कोण? हातात भाजीची पिशवी घेऊन मी निखिलची बेल तीनदा वाजवली. तो आपला हसून चहा द्यायचा.

मग एक दिवस त्याच्या दाराशेजारी पाटी लागली. लाकडी, पांढरी अक्षरं, पण कडा अगदी रुक्ष. मी म्हटलं, एवढं देखणं पोरगं आणि नावाची पाटी अशी विधवेच्या कपाळासारखी? पेटी नेली, भोवती वेल काढला, वरच्या कोपऱ्यांत दोन पोपट बसवले. जिना चढून येणाऱ्याकडे त्यांनी बघावं म्हणून दोघांचेही डोळे खाली वळवले.

आणि काय सांगू, पाटी गाजली! दूधवाला हसायचा, पेपरवाला हसायचा, शेजारचे थांबून थांबून वाचायचे. "आजी, पाटी झकास!" मी मान ताठ करून म्हणायची, "मीच सजवली आहे!" चांगले सहा महिने म्हणत होते मी असं.

मग एकदा सई माझ्याबरोबर वर आली. पाटीसमोर उभी राहिली आणि पोट धरून जिन्यातच बसली.

"अगं, हसतेस काय? नाव विचित्र आहे का त्याचं?"

"आजी, हे नाव नाहीये." आणि तिने वाचून दाखवलं, "'आजी, आपले घर एक मजला खाली आहे. आल्याच आहात, तर चहा घेऊन जावे.'"

मी पाटीकडे बघितलं. मग माझ्या पोपटांकडे. दोघंही मान वळवून बरोब्बर चौथ्या मजल्याकडे बघत होते.

पोपटांना सहा महिने माहीत होतं हो. मलाच तेवढं कळलं नव्हतं!