पडल्यापडल्या काय जळतं

मला आडवं व्हायला वेळ मिळत नाही असं म्हटलं की आमच्या घरात सगळे फिस्सकन हसतात, कारण दुपारी साडेतीनला मी टीव्हीसमोर तोंड वासून घोरत असते. पण ती झोप झाली. जागेपणी नुसतं पडून राहायचं, हातात काही नाही आणि डोक्यात काही नाही, हे मी लग्न झाल्यापासून एकदाही केलेलं नव्हतं.

ते करायची वेळ माझ्या लेकीमुळे आली. ती आहारशास्त्र शिकते. शेवटच्या वर्षाला तिला प्रकल्प मिळाला, माणूस काहीएक करत नसताना त्याचं शरीर किती ऊर्जा खातं ते मोजायचा. "आई, तू नुसती पडलीस तरी हृदय, फुप्फुसं, मेंदू चालूच असतात. आपण खातो त्यातलं निम्म्याहून जास्त तिथेच जळतं."

"म्हणजे लादी पुसून मी काही उजेड पाडत नव्हते तर," मी म्हटलं.

तिने कॉलेजातल्या मॅडमच्या हातापाया पडून ते मोजायचं मशीन एका दिवसासाठी घरी आणलं. दुसऱ्या दिवशी बाराला ते परत पोचलं पाहिजे आणि आकडा तेव्हाच द्यायचा, नाहीतर प्रकल्पाचे मार्क गेले. खरं तर या कामाला तिचे बाबाच योग्य. पडून राहण्यात त्यांचा हात लालबागमध्ये कोणी धरणार नाही. पण ते दोन मिनिटांत घोरायला लागतात, आणि झोपलेला माणूस चालत नाही. जागा हवा, उपाशी हवा, निपचित हवा. तर बाबा गेले ऑफिसला आणि राहिले मी.

सकाळी तिने दिवाणखान्यात सतरंजी घातली. मशीनची वायर आखूड, म्हणून डोकं प्लगच्या बाजूला. डोक्यावर पारदर्शक डबा, केकवर झाकतात तसला, आणि त्यातून निघालेली नळी. वाऱ्याने आकडा बिघडतो म्हणून पंखा बंद. मे महिन्यात! आणि आवाज नको म्हणून दारही बंद.

आता हे दार बंद करणं म्हणजे काय ते सांगायला हवं. आमची चाळ पाडून टॉवर झाला, आम्ही अकराव्या मजल्यावर गेलो, लिफ्ट आली, इंटरकॉम आला, पण दिवसा दार लावायची सवय काही कोणाला लागली नाही. चपला बाहेर, दार सताड, आणि समोरच्या काकूंना आमच्या कुकरच्या शिट्ट्या पाठ. शिवाय एकमेकांच्या घराची किल्ली एकमेकांकडे.

"पाच मिनिटं मशीनवरची रेषा एकसारखी आली की झालं," लेक म्हणाली. "फक्त पाच!"

पहिल्या खेपेला इंटरकॉम वाजला. खाली कोळीण आली होती, बांगडे घेणार का म्हणून विचारत होती. मी डब्यातूनच ओरडले, "ताजे असतील तर!" रेषा पार छताला गेली.

दुसऱ्या खेपेला कोणी आलं नाही, तरी रेषा नाचत होती. "आई, पायाची बोटं का हलवतेस?" मी हलवत नव्हते, ती आपोआप हलत होती. अंगठा म्हणजे डाळ भिजलीय ती लावायची, पुढचं बोट म्हणजे वॉशिंग मशीनमधले ओले कपडे, त्याच्या पुढचं म्हणजे दूध. मधल्या वेळात मी गुपचूप मंद गॅसवर दूध ठेवून आले होते ना! सांगायची सोय नव्हती.

घड्याळात पावणेअकरा झाले. तिसरी खेप, आणि शेवटचीच. लेकीचे डोळे भरून आले. "आई, प्लीज. एकदा पड ना गं." मला इतकं वाईट वाटलं! पोरीने जन्मात एक गोष्ट मागितली, तीही नुसतं पडून राहा, आणि ती मला जमेना. मी पडले. बोटं पुन्हा सुरू.

तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली. समोरच्या काकू. इंटरकॉमवरचं माझं ओरडणं त्यांनी ऐकलं होतं, मग एकदम शांतता, वर दार बंद. त्यांनी दारातून काय पाहिलं? पंखा बंद. मी जमिनीवर उताणी, तोंडावर काचेसारखं काहीतरी. उशाशी लेक डोळे पुसतेय, आणि माझे पाय नेमके दक्षिणेकडे. आमच्याकडे असं कोणाला निजवतात ते लहान पोरालाही ठाऊक असतं.

"अगे बाय माझ्या!"

लेकीने घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं. काकूंनी पदर तोंडात कोंबला. मिनिटभरात मजल्यावरच्या चौघीजणी दारात. एकही माझ्याजवळ येईना. मला सगळं ऐकू येत होतं, पण हलले असते तर पोरीचं वर्ष गेलं असतं.

"गॅसवर दूध आहे गं, उतू जाईल," एक कुजबुजली आणि स्वयंपाकघरात गेली. माझं एक बोट थांबलं.

"हे कपडे मी वाळत घालते." दुसरं थांबलं.

"डाळ भिजवून ठेवलीन बिचारीने. मी लावते. आज सगळे जेवतील आमच्याकडे," काकू रडत म्हणाल्या. "एक मिनिट बसली नाही गो कधी."

अंगठाही थांबला. काय सांगू, इतकं बरं वाटलं! करायला काही म्हणजे काहीच उरलं नाही. घामाने चिंब झाले होते, बाहेर माझ्या नावाने हुंदके चालले होते, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा आरामात पडले होते.

"आली! पाच मिनिटं आली!" लेक किंचाळली.

मी डबा काढून उठून बसले आणि म्हटलं, "काकू, डाळीत हिंग जरा जास्त घाला."

काकू मटकन चपलांच्या स्टँडवर बसल्या. पाणी पाजल्यावर त्यांना वाचा फुटली आणि मग त्यांनी माझा जो उद्धार केला, तो पंधराव्या मजल्यापर्यंत गेला. "मेल्ये, आधी सांगूक काय झाला तुका?" डाळ मात्र लावली त्यांनी.

लेक बाराच्या आत पोचली. मॅडमना रेषा आवडली. पहिल्या दोन खेपा इतक्या वेड्यावाकड्या आणि तिसरी इतकी सरळ कशी, असं त्यांनी विचारलं, तेव्हा लेक म्हणाली, आईला सवय झाली.

पंधरा दिवसांनी मी तिला म्हटलं, ते कॉलेजातलं मशीन पुन्हा आणता येईल का गं?

"आता काय मोजायचंय तुला?"

"मोजायचं काही नाही. मशीन राहू दे. नुसता तो डबा आण."