कोपऱ्यातल्या खाटेवरचं इंग्रजी

महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हा मी साखरखेर्ड्याहून बुलढाण्याला नर्सिंग शिकायला आले. माझी मॅट्रिक मराठीतून झालेली, अन् इथली पुस्तकं सगळी इंग्रजीत. म्हणून पहिल्याच वर्षी दोन जादा शिकवण्या लावून घेतल्या. संध्याकाळी एका निवृत्त मास्तरीणबाईंकडे इंग्रजी, अन् रविवारी हिंदीच्या परीक्षेचा वर्ग. बाकी दिवस वॉर्ड आणि तास यांतच जाई. जेवताना डोळे मिटत. पाठांतर करायचं कधी, हा प्रश्नच होता.

त्याचं उत्तर मला वॉर्डातच सापडलं. कोपऱ्यातल्या खाटेवर जळगाव जामोदकडची एक शेतमजूर बाई होती. मेंदूत ताप गेलेला, कित्येक दिवस बेशुद्ध. दुपारी तिच्याजवळ बसायचं काम माझ्याकडे असे. तिची कूस बदलायची, ओठ ओले करायचे, नाडी बघायची. तिचा लेक बाहेर व्हरांड्यात पडून असे. तिला काय ऐकू येणार, म्हणून मी पुस्तक मांडीवर घेऊन मोठ्यानं वाचायची. मराठी अर्थासकट एकेक शब्द दहादहा वेळा.

एके दुपारी मी तिचे ओठ पुसत होते. ते हलले. मला वाटलं पाणी मागते. कान जवळ नेला.

"फ्लेम," ती म्हणाली. स्वच्छ. मग थोडं थांबून, "बेडका."

माझ्या हातातला बोळा खाली पडला. कफाचा तो इंग्रजी शब्द मी चार दिवस घोकत होते, पण मी म्हणत होते 'फ्लेगम'. पुस्तकात तसंच तर लिहिलं होतं. बाईनं काहीतरी अर्धवट उच्चारलं असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

संध्याकाळी मास्तरीणबाईंपुढे पुस्तक धरलं. त्या म्हणाल्या, "फ्लेम. यातला 'ग' म्हणायचा नसतो. हा शब्द तुला कोणी शिकवला नाही ना अजून?"

"नाही," मी म्हणाले. वॉर्डात आम्ही सगळे बेडकाच म्हणायचो, डॉक्टरसुद्धा; मग बाईनं 'फ्लेम' ऐकलं कुठून?

पुढच्या आठवड्यात ती शुद्धीवर आली. पेज पाजताना माझ्याकडे टक लावून बघत राहिली, मग म्हणाली, "तूच ना वं ते, माह्यापाशी बोलत बसे?"

"हो. तुम्हाला ऐकू येत होतं?"

"हाव. दोघींचंही."

"दोघी कोण? मी एकटीच असायची."

"नाही माय. तू चुकली का ते दुसरी सांगे तुले, असं नाही, असं म्हण. किती डाव सांगे! तू काऊन ऐकत नव्हती तिचं?"

मी पेजेची वाटी खाली ठेवली.

हे मी वॉर्डाच्या सिस्टरांना सांगितलं. त्या हसतील असं वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. पट्ट्यांची घडी घालत म्हणाल्या, "वाचायचं तर बाहेर लिंबाखाली बसत जा. त्या खाटेपाशी नको."

"काऊन, सिस्टर?" 'का' म्हणायच्या ऐवजी माझ्या तोंडून घरचंच निघालं.

"सांगितलं ना," एवढंच त्या बोलल्या.

बरी झाल्यावर लेक तिला घरी न्यायला आत आला, त्या दिवशी बाईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मग तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. तिनं पदर सारखा केला, दोन्ही हात जोडले अन् त्या दिशेला मान लववली. मागे फक्त भिंत होती, हे मला माहीत होतं. तरी मी वळून पाहिलं नाही.

खाटेपाशी वाचणं बंद झालं, म्हणून वेळ काढायला रविवारचा हिंदीचा वर्ग मी सोडला, इंग्रजीचा धरून ठेवला. वर्षाच्या शेवटी पास झाले. तोंडी परीक्षेत परीक्षक म्हणाले, "उच्चार फार चांगले आहेत तुमचे. कोणाकडे शिकलात?"

मी मास्तरीणबाईंचं नाव सांगितलं. ते खरंच होतं, पण त्या दुसरीचं नाव मला माहीत नव्हतं.