रायफलच्या चापात करडीचं तेल

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. लिंगायत घर, अहमदपूरच्या बाजारात किराणा दुकान, सकाळची लिंगपूजा झाल्याशिवाय चहा नाही. अशा घरात एक रायफल आहे, आणि ती सुनेची आहे, म्हणजे माझी. लोक आधी हसतात, मग विचारतात, "मारता काय हिनं?" मी सांगते, कागद मारते. दहा मीटरवरच्या कागदावरचा मधला ठिपका. आणि तो मी चांगला मारते, हे सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही.

रायफल आणली ती माझ्या सासऱ्यांनी. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात. उदगीरला कॉलेजात मी एनसीसीत होते, तिथं माझा नेम सगळ्यांत पुढं होता. लग्न झालं आणि ते सगळं माहेरीच राहिलं. एकदा मामांच्या हाती माझा जुना फोटो लागला, रायफल खांद्याला लावलेली, एक डोळा मिटलेला. म्हणाले, "पोरी, हे सोडलंस काहून?" पुढच्याच महिन्यात ते लातूरहून छर्ऱ्याची एक जुनी रायफल घेऊन आले, स्पर्धेत चालते तसली. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आठवडाभर धुसफुसत होत्या. मामा मात्र तुरीची डाळ बांधता बांधता प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे, "आमची सून निशाणा मारती, म्हाईत हाय का?" गिऱ्हाइकाला डाळीची घाई असायची, पण ऐकल्याशिवाय पुडी हातात पडायची नाही.

मग दर रविवारी मी लातूरच्या रेंजवर जायला लागले. सकाळी पूजेला डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन, नजर लावून बसायची लहानपणापासूनची सवय, त्यामुळं डावा हात मुळातच हलत नाही. तिथले सर म्हणायचे, हे शिकवावं लागलं नाही. राज्याच्या स्पर्धेत जायचं तर आधी विभागाच्या सामन्यात ठरलेला आकडा गाठावा लागतो. एकदा तो थोडक्यात हुकला होता. या खेपेला मी तो गाठणारच होते, सरावच तसा बसला होता. आणि खंडेनवमी आली.

त्या दिवशी मी माहेरी होते. मामांनी दुकानातला तराजू, वजनं, अडकित्ता, मोटारसायकल, सगळं धुऊनपुसून पूजेला मांडलं आणि मधोमध, नव्या टॉवेलवर, माझी रायफल ठेवली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. हत्यार कोरडं ठेवू नये असं त्यांचं ठाम मत. म्हणून दुकानातलं चांगलं घाण्याचं करडीचं तेल घेऊन त्यांनी चापाच्या फटीत सोडलं. कुंकूही त्याच्याबरोबर आत गेलं. करडीचं तेल वाळलं की डिंकासारखं धरून बसतं. ज्यांनी कढईची कड घासली आहे त्यांना हे सांगायला नको.

रविवारी रेंजवर मी नेम धरला आणि चाप ओढला. काही नाही. आणखी ओढला, तरी नाही. बोट सैल केलं तसा छर्रा सुटला आणि शेजारच्याच्या कागदात जाऊन बसला. सरांनी ट्रिगर उघडला. आतून लालभडक लगदा निघाला. सर चष्मा वर करून म्हणाले, "मॅडम, हिला सवाष्ण कुणी केलं?" अख्खी रेंज खो खो हसली. मलाही हसू आवरेना. पण साफ करताना आतली केसाएवढी स्प्रिंग तुटली, आणि माझं हसू तिथंच थांबलं. मॉडेल जुनं, कंपनीनं तो ट्रिगर बनवणंच सोडलेलं. आता दुसऱ्या कुणी बनवलेला बसवायचा, आणि सामना तर तोंडावर आलेला.

घरी येऊन मामांना सांगितलं. त्यांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. "म्हणजे मीच वाटोळं केलं म्हण की," एवढंच बोलले. मी म्हणाले, ट्रिगर बदलता येतो. पण त्यांचा चेहरा काही सुधारला नाही. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना ते काही सांगेनासे झाले.

नांदेडला रायफली दुरुस्त करणारे एक कारागीर होते. मामा आणि मी एसटीनं त्यांच्याकडं गेलो. माझ्या रायफलला बसतील असे दोनच ट्रिगर त्यांच्याकडं होते. पहिला इतका हलका की फुंकर मारली तरी सुटेल. नावाजलेले नेमबाज हाच घेतात, असं ते म्हणाले. लातूरहून सरांनीही फोनवर तेच सांगितलं. दुसरा जरा जड. बोट थोडं मोकळं सरकतं, मग कुठंतरी टेकतं आणि तिथंच थांबतं. तुम्ही आणखी एक दाब दिला तरच सुटतं.

मामा लगेच म्हणाले, "पयलाच द्या. लई भारीचा हाय ना, तोच द्या."

मी दोन्ही लावून रिकाम्या रायफलीनं भिंतीवरच्या खुणेवर नेम धरून बघितला. पहिल्यावर नजर अजून ठरायची होती, तोवर टक् झालं. परत धरला, परत तेच. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. अरे, मारायचं मी का तू? माझा स्वभाव आधीच भडकू. घरात चटकन उडणारी एक आहे, तेवढी पुरे. हातात तरी मला थांबणारं काहीतरी पाहिजे. दुसरा लावला. बोट टेकलं, ट्रिगर थांबला, मीही थांबले. नजर ठिपक्यावर बसली, मग दाबलं. अहाहा! जीव गार झाला.

"हा द्या," मी म्हणाले.

मामांचा चेहरा पडला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "माझ्या चुकीचा खर्च वाढू न्हाई म्हणून स्वस्तातला घेऊन राहिलीस ना? खरं सांग."

"मामा, बोट माझं हाय," मी फटकन बोलले. "तुमच्यावर दया करायला मी एवढी चांगली बाई न्हाई."

कारागिरानं खाली बघून हसू दाबलं. मामांना ते काही पटलं नाही. परतीच्या एसटीत ते माझ्या पुढच्या सीटवर बसले. त्यांच्या मानेकडं बघूनच कळत होतं की सून आता हरणार आणि ते आपल्यामुळंच, हे त्यांनी मनात धरलंय. मला वाईट वाटलं. राग त्याहून जास्त आला. माझ्या निवडीवर या माणसाचा भरवसा नाही म्हणजे काय?

सामना नांदेडला होता. मी बोलावलं नव्हतं, तरी मामा इस्त्रीचा सदरा घालून आले आणि मागच्या खुर्चीत अंग चोरून बसले. सुरुवात बेताचीच झाली. ठिपका डोळ्यापुढं नाचत होता. मग एका नेमाला बोट टेकलं, आणि मला वाटलं, नाही, हा नेम नाही. मी बोट काढलं, रायफल खाली घेतली, श्वास सोडला, परत धरली. त्या हलक्या ट्रिगरनं तो नेम केव्हाच वाया घालवला असता. नंतर असं किती वेळा थांबले ते मोजलं नाही. शेजारचे पुढं पुढं जात होते, मला घाई नव्हती. प्रत्येक छर्रा मी सांगितलं तेव्हाच सुटला. शेवटचा सुटला तेव्हा आकडा पार होऊन वर गुण उरले होते. त्या दिवशी मी फार सुंदर खेळले. उगाच नम्रपणा कशाला करू?

मामांना म्हणाले, "राज्याला चालले." त्यांनी नुसती मान हलवली.

परतीची एसटी गच्च होती. कंडक्टरनं माझ्याजवळची लांब पेटी बघून विचारलं, हे काय? मामा उठून उभे राहिले. "रायफल हाय. सून हाय माझी, राज्याच्या स्पर्धेला निवडली." गाडीभर वा वा झालं. मागच्या सीटवरचे एक ओळखीचे अडते म्हणाले, "सावकार, तुम्हीच शिकवलं म्हणायचं की!" हो म्हटलं असतं तर कुणाची हरकत नव्हती. रायफल त्यांनीच आणली होती.

"न्हाई हो," मामा म्हणाले. "मी तर पूजा करून बंदूक बिघडवली. नवा चाप घेताना बी हिला चुकीचंच सांगून राहिलो होतो. हिनं माझं ऐकलं न्हाई, म्हणून झालं."

भर एसटीत, बाजारातली माणसं कान देऊन असताना, सून आपलं ऐकत नाही हे सासऱ्यानं ताठ मानेनं सांगितलं. असं मी तरी दुसरीकडं कुठं ऐकलं नाही. निवड झाली तेव्हा माझे डोळे कोरडे होते. तिथं मात्र ओढणी तोंडाला लावली आणि लोहा येईपर्यंत खिडकीकडं तोंड करून रडत बसले.