दोन अंश

वाकडी फ्रेम दिसली की मला चैन पडत नाही. गप्पा चालू असतात, समोर चहा येतो, आणि माझं लक्ष यजमानांच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे गेलेलं असतं. एकदा पार्ल्याला दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसले होते. समोर हिमालयाचं चित्र, एका बाजूला घसरलेलं. दहा मिनिटं मी स्वतःला आवरलं. मग उठले आणि एका बोटानं हिमालय वर ढकलला, तर तो खिळ्यासकट हातात आला. माझं नाव पुकारलं तेव्हा मी हिमालय छातीशी धरून उभी होते. डॉक्टरांनी कुठला दात दुखतोय हे विचारायच्या आधी, हे काय चाललंय ते विचारलं.

मी शाळेत भूमिती शिकवते, त्यामुळे लोकांना वाटतं की हा धंद्याचा परिणाम. तसं नाही. हे वडिलांकडून आलंय. बाबाही शाळेत होते, शिपाई म्हणून. जयंती-पुण्यतिथीला थोर माणसांच्या तसबिरी उतरवायच्या, पुसायच्या आणि परत टांगायच्या, हे काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं, आणि त्यांच्या हातची एकही तसबीर कधी खाली आली नाही. भांडुपला टेकडीच्या अंगावर आमची बैठी चाळ. कुणाकडे लग्न झालं किंवा कुणी गेलं, की फोटो लावायला बोलावणं बाबांनाच यायचं.

त्यांची रीत ठरलेली होती. आधी भिंतीत लाकडाची गुट्टी ठोकायची आणि मग त्या गुट्टीत खिळा. नुसत्या प्लास्टरवर विश्वास ठेवायचा नाही. सुतळी नको, तार हवी, कारण सुतळी सैल पडते. एका खिळ्यावर फ्रेम झोके घेते म्हणून खिळे दोन. आणि खालच्या कोपऱ्यांमागे जुन्या स्लिपरच्या रबराचे तुकडे चिकटवायचे, म्हणजे कुणी रागानं दार आपटलं तरी फ्रेम जागची हलत नाही. आमच्याकडे दार बऱ्याचदा आपटायचं, त्यामुळे रबर भरपूर लागायचं. फ्रेम सरळ आहे की नाही हे मात्र आई सांगायची. ती समोर उभी राहून 'जरा मोरीकडे', 'जरा दाराकडे' अशा सूचना द्यायची. डावं-उजवं आमच्या घरात चालत नसे. मोरी आतल्या टोकाला, दार बाहेरच्या, मध्ये आमचा सगळा संसार. आई 'हां' म्हणाली की काम संपलं.

ती खोली आईनंच पसंत केलेली. बाबांच्या मनात दुसऱ्या चाळीतली खोली होती, पण आईला हीच हवी होती, कारण दारात उभं राहिलं की वारा येतो आणि आत स्वतःचा नळ. तेव्हापासून त्या खोलीबद्दल कुणी वावगं बोललेलं तिला खपत नाही. मी मुलुंडला फ्लॅट घेतल्यापासून तिच्यामागे लागले होते की आता दोघं माझ्याकडे या, या वयात इतक्या पायऱ्या कशाला चढता. तिचं उत्तर एकच असायचं. घर ठणठणीत आहे, ते पडायला आलं की येईन. लादी पुसायला मी तिला उभ्यानं वापरायचा मॉप आणून दिला, तर तिनं तो माळ्यावर टाकला. लादी ती स्वतःच पुसते, हातानं, मोरीपासून दारापर्यंत. दुसऱ्या कुणाला फडकं लावू देत नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. मी त्यांचा एक जुना फोटो मोठा करून फ्रेम करून घेतला. जुहूला चौपाटीवरच्या फोटोवाल्यानं काढलेला: आईच्या हातात चपला, बाबा अवघडून उभे, आणि दोघांच्या मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत समुद्र. सकाळीच तो घेऊन भांडुपला पोचले. बाबांनी गुट्ट्या आणि खिळे ठोकून दिले. फ्रेम मात्र मी लावणार, असा मी हट्ट धरला, कारण माझ्या मोबाईलमध्ये पातळी दाखवणारं ॲप होतं. बाबांनी त्या ॲपकडे जरा वेळ पाहिलं. मग सुरमई आणायला पिशवी घेऊन निघाले आणि उंबऱ्यावरून वळून म्हणाले, "फोननं बघू नकोस. आईला विचार."

मी अर्थातच फोननं बघितलं. फोन फ्रेमवर आडवा ठेवला, तार सरकवत सरकवत आकडा शून्यावर आणला आणि मागे झाले. फोटो वाकडा दिसत होता. चांगलाच वाकडा. आई मोरीत भांडी विसळत होती, तिनं मान वळवून बघितलं.

"गो, दर्या मोरीत सांडता," ती म्हणाली.

मी पुन्हा फोन लावला. पुन्हा शून्य. मग सहज म्हणून तोच फोन शेजारच्या फ्रेमवर ठेवला, माझ्या पदवीच्या फोटोवर. दोन अंश. आजीच्या फोटोवर ठेवला, दोन अंश. गणपती, आरसा, घड्याळाखालची फळी, सगळं दोन अंश, आणि सगळं दाराकडे उतरतं. ज्यांच्या कामाचं मी आयुष्यभर कौतुक केलं, त्या बाबांनी घरातली एकूण एक फ्रेम वाकडी लावलेली होती. मला वाईट वाटलं. मोतीबिंदू, दुसरं काय, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं. ते येईपर्यंत गुपचूप सगळं सरळ करून ठेवावं, म्हणजे त्यांना लागणारही नाही.

अर्ध्या तासात मी सगळ्या तारा सरकवल्या. आजीची मोठी फ्रेम हलवताना तिच्यामागे भिंतीवर पेन्सिलची एक उभी रेघ दिसली, बोटभर लांब, गिरवून गिरवून जाड झालेली. लहानपणी आमच्यापैकीच कुणीतरी गिरगटलं असेल, असं समजून मी पुढे गेले. शेवटी आरसा शून्यावर आणला, हात झटकले आणि दारात जाऊन बघितलं.

सगळं घर कललं होतं. फोटो सगळे सरळ, आणि त्यांच्यामागे माळ्याचं आडवं लाकूड, खिडकीची चौकट, कपाट, भांड्यांची मांडणी, सगळं दाराच्या दिशेनं खाली उतरत होतं. मी या घरात वाढले. लहानपणी चेंडू सोडला की तो नेहमी दाराकडे पळायचा. मला वाटायचं, चेंडूंना बाहेर जायची हौस असते. दुसऱ्यांना भूमिती शिकवायला लागून मला पंचवीस वर्षं झालीत.

आई हात पुसत बाहेर आली आणि भिंत बघून थबकली. माझ्या हातात हुकमाचा एक्का आला होता, आणि खरं सांगते, मला तो टाकायचा मोह आवरला नाही. मी म्हटलं, "आई, फोटो वाकडे नाहीत. घर कललंय. आता तरी चल मुलुंडला."

ती भांडेल, फोनला नावं ठेवेल, अशी माझी तयारी होती. ती कॉटवर बसली. चेहरा उतरला होता. मला एकदम स्वतःची लाज वाटली. लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाची ही काय भेट. तिनं घड्याळाकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "ते येवच्या आदी सगळा होता तसा कर."

मी पहिल्या तारेला हात घातला आणि बाबा दारात उभे राहिले.

त्यांनी भिंत पाहिली, मला पाहिलं, आईला पाहिलं. पिशवी खाली ठेवली. मग नेहमीच्या आवाजात आईला म्हणाले की मुलीनं सगळे फोटो वाकडे लावून ठेवलेत, शिकवून काही उपयोग झाला नाही. आणि स्टूल ओढून त्यांनी एकेक फ्रेम परत लावायला घेतली. आई उठून समोर उभी राहिली. 'जरा दाराकडे', 'जरा मोरीकडे', 'हां'. एकेका 'हां'बरोबर घर सरळ होत गेलं, आणि शेवटी जुहूचा समुद्र जागेवर आला तेव्हा मी मोबाईल पर्समध्ये टाकला.

आई मासळी साफ करायला मोरीत गेली, तेव्हा बाबांनी मला आजीच्या फ्रेमजवळ बोलावलं आणि ती बोटभर पुढे ओढून ती रेघ दाखवली. आम्ही राहायला आलो त्याच वर्षी घराची दाराकडची बाजू खचली होती, ते म्हणाले. गवंड्याला आणून दाखवलं, त्यानं पाया बघितला आणि आता बसायचं तेवढं बसलं, असं सांगितलं. बाबांनी त्याच्या शब्दावर सोडलं नाही. दर दिवाळीला फोटो पुसायला उतरले की आजीच्या फ्रेमच्या एका ठरलेल्या खिळ्याला दोऱ्यानं कपाटाची किल्ली बांधून सोडायची, आणि किल्ली स्थिर झाली की दोऱ्यामागे रेघ मारायची. घर हललं असतं तर रेघा वेगवेगळ्या पडल्या असत्या. इतक्या दिवाळ्यांच्या रेघा एकावर एक बसून ती जाड रेघ झाली होती.

"आणि फोटो?" मी विचारलं.

"फोटो सरळ लावले असते तर तिला घर दिसलं असतं," बाबा म्हणाले. "हौसेनं घेतलेलं घर तिचं. तिला झोप लागली नसती."

मोतीबिंदूबद्दल मी त्यांना काही बोलले नाही. जेवण झकास झालं. सुरमईचा शेवटचा तळलेला तुकडाही मला मिळाला, आणि मी तो निमूट खाल्ला.

संध्याकाळी निघाले, तेव्हा आई पायऱ्यांपर्यंत सोडायला आली. मी चपलांचे पट्टे लावण्यात उगाच वेळ घालवला. तिनंच विचारलं की आज जेवताना मुलुंडचा विषय कसा काढला नाहीस. मी म्हटलं, असंच. ती हसली. ह्यांनी तुला फोटोमागची रेघ दाखवली ना, तिनं विचारलं. फोटोमागचं कोळ्याचं जाळं काय त्यांच्या बापानं काढलंय, असंही वर म्हणाली. मग जवळ आली आणि आवाज खाली आणला.

"ह्यांका सांगू नको माका ठावक आसा म्हणून. इतकी वर्सां जपलेला आसा तेनी."

म्हणजे कधीपासून, मी विचारलं. कसं कळलं?

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की वर्गातल्या सर्वांत ढ मुलीकडेही मी कधी तसं पाहिलेलं नाही.

"घरातली लादी कोण पुसता गो?"